‘नको’ म्हणजे चार

“ताई, म्या नको म्हणलं, तरी तातांनी सुई टोचलीच.”

कविताचा फोन होता. सकाळची वेळ. बेंगळूरला मल्लेश्वरमच्या आमच्या सेंटरवर मी फळा पुसत होते, समोर नवीन पोरी बसलेल्या. फोन घेऊन मी जिन्यात आले.

आमचं काम आधी सांगते. आमची एजन्सी म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी अटेंडंट पाठवते. पोरी येतात परभणी, हिंगोलीकडून. घरं बहुतेक कन्नड. मी त्या पोरींना भाषा शिकवते. व्याकरण नाही, ते मलाच येत नाही. माझी शाळा नववीत सुटली. मी शिकवते ते एवढंच: नीट ऐकायचं, नाही कळलं तर परत विचारायचं, ऐकलेलं म्हणून दाखवायचं, आणि घडलं ते थोडक्यात सांगायचं. मीही परभणीहून अटेंडंट म्हणूनच इथं आले. फळ्यापुढे मला उभं केलं शैलाअक्कांनी. अक्का आमच्या नर्सिंग सुपरवायझर, कैक पिढ्यांच्या बेंगळूरच्या मराठी. “ह्या पोरींना काय ऐकू येतं ते तुलाच ठाऊक ग,” असं म्हणाल्या होत्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण ओळखपत्रावर ‘ट्रेनर’ लिहून आलं तेव्हापासून एक भीती कायमची बसली. माझ्या शिकवण्यामुळं कुणाचं बरंवाईट झालं तर?

कविता जयनगरला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे होती. अज्जींना डायबेटीस. सकाळी तिंडीच्या, म्हणजे नाश्त्याच्या आधी कविता बोटाला टोचून शुगर बघायची. इन्सुलिन द्यायला अटेंडंटला परवानगी नसते. ते अज्जींचे यजमान द्यायचे, ज्यांना ती तात म्हणायची. शुगर कमी असेल तर इन्सुलिन द्यायचं नाही, आधी खायला घालायचं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

“रीडिंग किती आलं?”

“बहात्तर. तात म्हणले, एष्टु? किती देऊ? म्या म्हणलं, नको.”

“मराठीत?”

“हाव. निघून गेलं तोंडातून.”

“मग?”

“सरी, सरी म्हणले, म्हंजी बरं. आन् इन्सुलिनच्या पेनाचा काटा फिरवला. चारवर.”

कन्नडमध्ये चारला बोलताना ‘नाकु’ म्हणतात. तातांना कमी ऐकू येतं, सकाळी कानात मशीनही नसतं. कविता म्हणाली नको. त्यांनी ऐकलं नाकु.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इन्सुलिन शुगर खाली आणतं. अज्जींची आधीच खाली होती. आणखी खाली गेली की माणूस घामाघूम होतो, बरळतो, मग बेशुद्ध पडतो. म्हातारं माणूस त्यातून परत येईलच असं नाही.

“अज्जी काय करतायत?”

“गप बसल्यात. कपाळाला घाम हाय.”

“बोलतायत का? गिळता येतंय?”

“बोलतायत.”

“मग साखरेचं पाणी दे. आत्ताच्या आत्ता.”

“तात देऊ देईनात, ताई. डायबेटीस, डायबेटीस म्हणून डबाच हिसकून घेतला.”

“त्यांना फोन दे.”

तातांनी फोन घेतला. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते आणि पलीकडून फक्त, “हलो? यारु? कोण बोलतंय?” जिन्यातून येणारे-जाणारे लोक माझ्याकडं बघायला लागले. तातांनी फोन परत कविताकडं दिला.

म्हणजे आता बोलायचं होतं ते तिलाच.

“कविता, समोर उभी राहा त्यांच्या. तोंड दिसू दे. मी म्हणते तसं म्हण. ‘इन्सुलिन बेडा अंत हेळिदे.’ इन्सुलिन नको म्हणाले होते मी.”

“बे...” म्हणून ती अडली.

“कविता?”

“ताई, दुसरा शब्द नाही का?”

“कशाला दुसरा? हाच तर शिकवला होता ना!”

“पण एवढ्या मोठ्या माणसाला... तोंडावर वेडा कसं म्हणू?”

मी जिन्याचा कठडा धरला. क्लासमध्ये ‘बेडा’ आला की पोरी एकमेकींना कोपरानं ढोसून हसायच्या. मला वाटायचं, हसू दे, हसत हसत पाठ होतंय. पाठ झालंच होतं. लाजेनं तोंडातून निघत नव्हतं, एवढंच.

“वेडा म्हण! शिव्या दे त्यांना! पण ओरड!”

आणि ती ओरडली. “तात! बेडा! इन्सुलिन बेडा! नाकु अल्ला, बेडा! सक्करे कोडि!” चार नव्हे, नको; साखर द्या.

मग तातांचा आवाज आला, “अय्यो.” त्यानंतर डबा आपटल्याचा, मग भांड्यात चमचा फिरवल्याचा. फोन तेवढ्यात कट झाला, परत लावला तर उचलेना.

मी अक्कांच्या खोलीत धावले. मला नीट सांगताही येईना. चार, नको, नाकु, सगळं एकदम बाहेर पडत होतं. “स्वल्प थांब ग. श्वास घे,” म्हणाल्या, पण त्यांचा हात फोनकडं गेलेला होता. डॉक्टरांशी बोलत बोलतच त्यांनी चप्पल घातली. ऑटोपेक्षा मेट्रो बरी म्हणून आम्ही मेट्रोनं निघालो. गाडी जमिनीखाली गेली आणि नेटवर्क गेलं. तेवढ्या अंधारात मी अज्जींना मनातल्या मनात कितीदा मारलं, कितीदा उठवलं, देवाला ठाऊक. मॅनेजर सर काय म्हणतील, गावाकडं काय तोंड दाखवू, तेही येत होतं डोक्यात. येऊ नये, पण येत होतं.

जयनगरला दार उघडलं ते कवितानंच. डोळे सुजलेले. आत अज्जी खुर्चीत बसून उप्पिट्टु खात होत्या, आम्ही उप्पीट म्हणतो ते. शुगर वर आली होती. अक्का दुपारपर्यंत तिथंच बसल्या, पुन्हा पुन्हा बोट टोचून बघत. अज्जी शेवटी वैतागून म्हणाल्या, “साकु, पुरे अम्मा! बोटात रक्त तरी ठेव.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सरांनी आम्हा तिघींना बोलावलं.

“आपने सिखाया था उसको ये वर्ड?”

“हां सर.”

“फिर बोली क्यों नहीं?”

कवितानं मान खाली घातली. अक्कांनीच सांगितलं. सरांना दोनदा सांगावं लागलं. ते हसले नाहीत. “ट्रेनर बदल देते हैं,” म्हणाले.

“बदला,” अक्का म्हणाल्या. “नवा ट्रेनर पण बेडाच शिकवेल. पोरी का बोलत नाहीत ते त्याला कोण सांगेल?”

सरांनी मला ठेवलं, अट घालून: आकडा कन्नडमध्ये सांगायचा, बोटांनी दाखवायचा, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. कविताला कामावरून काढून गावी पाठवायचं ठरत होतं. तेव्हा तातांचाच फोन आला. मशीन कानात घालून. “ती पोरगीच पाठवा. ती ओरडते, मला ऐकू येतं.”

फोन वाजला की मी अजून खडू टाकून जिन्यात धावते. ही सवय जाईल असं वाटत नाही. पण क्लासची सुरुवात मी बदलली आहे. आता पहिला शब्द ‘नमस्कार’ नाही, ‘बेडा’. तो बिल्डिंगच्या म्हाताऱ्या वॉचमनसमोर उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून, मोठ्यांदा म्हणायचा. ज्या पोरीला हसू येतं, तिनं पुन्हा म्हणायचा. नमस्कार नंतर शिकवते. तो चुकला तर कुणी मरत नाही.