हरि चालवा

बत्तीस नंबरच्या पेपरात प्रश्न होता, ‘हरि चालवा.’ उत्तरात कवि चालला होता. आठही विभक्त्या, तिन्ही वचनं, एक चूक नाही. फक्त शब्द दुसराच.

‘शब्द चालवणे’ म्हणजे संस्कृतात त्याची सगळी रूपं ओळीनं लिहिणे. हरि आणि कवि एकाच चालीचे. म्हणून काय झालं? मी आंबा मागितला आणि कुणी उत्तम पेरू दिला, तर मी पेरूला मार्क देत नाही.

पुढे भाषांतर. उताऱ्यात हरि म्हणजे सिंह होता. या विद्यार्थिनीनं तो सिंहच वगळला. कोल्हे हात जोडून उभे होते, कुणापुढे ते कळायला मार्ग नव्हता. दोन्ही प्रश्न गेले आणि ही चार मार्कांनी नापास.

ही सेहेचाळीस सालची गोष्ट. जळगावचं कॉलेज नवं होतं, मी तिथे संस्कृत शिकवत होते. बत्तीस नंबर म्हणजे कौसल्या. साक्रीकडच्या शेतकरी घरातली, मॅट्रिक होऊन लगेच लग्न, नवरा जळगावात कारकून. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

“हरि येत नाही?”

“येतो, बाई.”

“मग लिहिला का नाहीस?”

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “घरचं नाव तेच आहे, बाई. त्यांना मी कसं चालवू?”

नवऱ्याचं नाव हरी. वर्गात माझ्या मागून सगळे रूपं म्हणत, तेव्हा ही नुसते ओठ हलवत असे. मी तिला लाजाळू समजत होते. शिक्षकाची नजर किती तीक्ष्ण असते पाहा.

“बोलायचं नसतं. लिहायला काय हरकत?”

“लिहिताना मनात घ्यावंच लागतं ना?”

“आणि सिंह?”

“तोही तेच, बाई.”

एरवी मी हसले असते. पण सासऱ्यांनी तिला अट घातली होती: सहामाहीत एका जरी विषयात नापास झाली, तर कॉलेज बंद, गावी परत.

मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. ते पुण्याचे. सगळं ऐकून म्हणाले, “व्याकरणात पतिव्रतेला ग्रेस मार्क नाहीत.”

“मी मागतही नाही. सासऱ्यांना भेटायला बोलवा, एवढंच म्हणते.”

आठवड्यानं तिचे सासरे, आबा, आले. पांढरा फेटा, हातात काठी, आणि सुनेला घेऊन जायची पूर्ण तयारी. कौसल्या दाराशी उभी होती.

“नापास झाई ना? मंग चला घर.”

“आबा, ती का नापास झाली ते विचारा तरी.”

मी पेपर पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. आबांनी दोनदा ऐकून घेतलं. सून उनाड असती तर त्यांचं काम सोपं होतं. ही तर त्यांच्याच मुलाचा मान राखून नापास झालेली. रागवायचं कुणावर?

“बठ्ठा कॉलेजमा हाऊच एक शबद शे का?” त्यांनी मला विचारलं.

“दुसरे खूप आहेत. पण हाही आहे. आणि आबा, तुम्हीही दिवसातून दहा वेळा हरी हरी म्हणताच की.”

“मी म्हनस ते देवनं नाव.”

“मग माझ्या पेपरात सिंहाचं आहे. तुमच्या मुलाला मी ओळखतसुद्धा नाही.”

आबांनी फेटा काढला, पुन्हा घातला. मग दाराकडे न बघता म्हणाले, “लिखी टाक वं पोरी. तोंडवर लेवू नको म्हंजे झायं. पन वार्षिकले पास व्हवाले जोयजे.”

मार्क मी वाढवले नाहीत. सहामाहीत ती नापासच राहिली. पण कॉलेजात राहिली. त्यानंतर माझ्या वर्गात तिचा हरि मुक्यानं चाले. बाकीचे म्हणत आणि ती वहीत लिहीत असे.

वार्षिक परीक्षेत मी मुद्दाम ‘पति’ चालवायला दिला. दिसायला हरीसारखाच, पण रूपं वेगळी. वर्गातल्या बहुतेक मुलांनी ‘हरिणा’च्या चालीवर मोठ्या आत्मविश्वासानं ‘पतिना’ लिहिलं. कौसल्येनं ‘पत्या’ लिहिलं, पुढेही एक चूक नाही. पूर्ण मार्क घेऊन ती पास झाली.

नव्या विद्यार्थ्यांना मी तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगते: अडचण असेल तर तोंडानं सांगा, उत्तरपत्रिकेत सुचवू नका. आणि पति हरीसारखा चालत नाही. ज्यांचं लग्न झालंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.