झाकणाच्या मापाची भाकरी

दर वाढवायची मला धास्तीच आहे. कडक भाकरीचा माझा धंदा लहानसा: घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार बायका, चार चुली, आणि सोलापुरातली वीस-बावीस दुकानं. पाच भाकऱ्यांचं पाकीट साठ रुपयांना. मागे एकदा पासष्ट केले, तर महिनाभरात निम्मी पाकिटं दुकानांतून परत आली आणि मी मुकाट्यानं पुन्हा साठवर आले. पाच रुपयांसाठी गिऱ्हाईक तुटतं, हे तेव्हा जरा जास्तच मनावर घेतलं.

यंदा ज्वारी कडाडली, जळणही महागलं. साठला पाकीट विकून हाती काही उरेना. एसटी स्टँडजवळच्या एका दुकानदारानं मला शहाणं केलं. दर कशाला वाढवता, म्हणाला, बिस्किटवाले काय करतात ते बघा की. पुडा तोच, किंमत तीच, आत बिस्किटं कमी. मला हे इतकं पटलं की आपल्याला आधीच कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःवर चडफडले. भाकऱ्या पाचच ठेवायच्या, फक्त लहान करायच्या. पाकिटावर नवं वजन बारीक अक्षरात छापून घेतलं. कायद्यानं मी स्वच्छ.

घरातलं एका पातेल्याचं झाकण शेडमध्ये नेलं आणि बायकांना सांगितलं, भाकरी याच्या बाहेर जाता कामा नये. तिघींना ते अर्ध्या दिवसात जमलं. अडलं ते मावशींचं.

मावशी रोज सकाळच्या एसटीनं वळसंगहून यायच्या. साठी उलटलेली. घरात कानडी, आमच्याशी मराठी. धंदा सुरू केला तेव्हा भाकरी कडक कशी करतात हे मला धड येत नव्हतं. तव्यावरून उतरल्यावर चुलीच्या कडेला उभी करून, घाई न करता वाळवायची, हे त्यांनीच शिकवलं. काही दुकानदार तर पाकीट मागतानाच ‘मावशींच्या हातचं’ म्हणायचे. त्या गेल्या तर माझं काय होईल हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी वागायची तशीच वागले.

पीठ मळून झालं की त्या न बघता उंडा तोडायच्या आणि तो बऱ्याचदा नेहमीएवढाच यायचा. थापून झाली की भाकरी झाकणाच्या चार बोटं बाहेर. मी त्याला हट्ट म्हटलं. मजुरी भाकरीमागे असायची, म्हणून मग नियमच केला: मापाबाहेरची भाकरी मजुरीत धरणार नाही. सांगितलं सगळ्यांना, पण बघत होते मावशींकडे. पहिल्याच दिवशी त्यांच्या अकरा भाकऱ्या मी बाजूला काढल्या. दुसऱ्या दिवशीही काढल्या, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी काम उरकून हात धुताना म्हणाल्या,

“दर वाढवला तर गिऱ्हाईक तुमाला बोलंल, ताई. भाकरी बारीक केली तर मला बोलंल. हात माजा हाय की.”

मी हसले. पाकिटातल्या भाकरीला कुणाचा हात आठवतोय, असं काहीतरी म्हणाले. माणूस स्वतःला फार हुशार समजायला लागलं की असली वाक्यं तोंडातून निघतात. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत.

आठवड्याभरात पाकिटं परत यायला लागली. भाकरी लहान झाली अशी तक्रार एकाचीही नव्हती. कुठली करपलेली, कुठली मऊ पडलेली. दात कोरून पोट भरायला निघाले होते आणि दातच पाडून बसले. शेवटी स्कूटर काढली आणि वळसंग गाठलं.

मावशी अंगणात तूर निवडत होत्या. बसा म्हणाल्या, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी लगेच मजुरीचा विषय काढला. त्या तूर निवडत राहिल्या, तशी मी आणखी वाढवली. दुकानात पाच रुपयांना घाबरणारी मी, तिथं चहा यायच्या आत मावशींचा दर दोनदा वाढवून मोकळी झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं,

“त्या मोट्या भाकरी कुटं गेल्या, ताई? चुलीत तर न्हाय घातल्या?”

गाईला घातल्या, असं सांगता आलं असतं. पण त्यांच्या तोंडावर मला खोटं बोलवेना. घरी नेल्या, म्हणाले. चार दिवस आम्ही त्याच खात होतो; शेंगाचटणीबरोबर, आवडीनं.

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या. “वाया न्हाय गेल्या.” मग शांतपणे सांगितलं की आता येणं व्हायचं नाही, या वयात हाताला नवं माप शिकवता येत नाही. माप जुनंच करते, दर वाढवते, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, करा की, पण मी न्हाय यायची.

निदान त्या चार दिवसांच्या भाकऱ्यांची मजुरी तरी द्यावी म्हणून मी पर्स उघडली आणि नोटा पुढे केल्या. त्यांनी माझी मूठ मिटली आणि मागे सारली.

“त्या इकल्या कुटं तुमी? घरात खाल्ल्या. घरात खाल्लेल्या भाकरीचं कुनी पैसं घेतंय व्हय?”