बुचाची रांग

इनामदारांनी माझा नकाशा पाहिला, त्याची घडी घातली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

मुलांनो, ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका कापड मिलमध्ये मी गार्डन सुपरवायझर होते. कामगारांच्या कॉलनीत नवी बाग करायची होती. माझा प्लॅन मॅनेजरसाहेबांनी मंजूरही केला होता: लाल कर्दळीचे वाफे, जांभळी बोगनवेल, मधे गुलाब. बागेच्या पाटीवर माझं नाव लागणार होतं. तेवढ्यात मालकांनी पुण्याहून इनामदारांना बोलावलं. बागा आखणाऱ्यांत त्यांचं नाव फार मोठं. तुमच्या पुस्तकांत बागांचा इतिहास असतो ना, तो अशाच माणसांच्या नावांनी भरलेला असतो.

"बाई, इथे लोक बागेत केव्हा येतात?" त्यांनी विचारलं.

"दिवस मावळल्यावर. त्याआधी या उन्हात कोण बसणार?"

"मग तुमची लाल कर्दळ त्यांना दिसणार कशी?"

अंधार पडला की लाल रंग काळा दिसतो. पांढरा तेवढा उजळतो. माझा जन्म सोलापुरातला, हातात बॉटनीची डिग्री, आणि सकाळच्या गाडीने आलेल्या माणसाने मला हे सांगावं! मला त्यांचा फार हेवा वाटला.

त्यांनी पांढरी बाग आखली. मोगरा, तगर, कुंद, अनंत. लावली अर्थात मी. पहिल्याच उन्हाळ्यात मोगरा कळ्यांनी लगडला, पण संध्याकाळी बागेत एक फूल दिसेना.

"यल्लप्पा, फुलं जातात कुठे?" मी मुकादमाला विचारलं.

"बाई, उजाडायच्या आत बाया परड्या घेऊन येत्यात की. आन् मोगऱ्याच्या कळ्या दुपारीच गजऱ्याला जात्यात. तुमची कर्दळ असती तर कुणी हात लावला नसता. देवाला चालत न्हाय ती."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः उभी राहिले. कॉलनीतली मल्लव्वा परडी भरून निघाली होती. तिला अडवलं.

"सिद्धेश्वराला न्यायलोय की बाई. देवालाबी न्हाय म्हणताव व्हय?"

मी बाजूला झाले. खरं सांगायचं तर मनात उकळ्या फुटत होत्या. इनामदारांना सगळं समजत होतं, फक्त पांढरं फूल देवाचं असतं एवढं समजलं नव्हतं.

ते बाग पाहायला आले तेव्हा सगळी हिरवी पानं. मॅनेजरसाहेब तापले. "इनामदार, हे सगळं उपटून बाईंचा जुना प्लॅन लावायचा का?"

मला हवं होतं ते अगदी हातात आलं होतं. पण संध्याकाळ होत होती, बाकांवर माणसं बसली होती, आणि पांढऱ्याचं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. चारचौघांत त्यांना शिकवणं बरं दिसणार नाही, म्हणून मी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "बूच लावा. उंच झाड, पांढरी वासाची फुलं, हात पोचत नाही. रात्री फुलतं आणि फुलं आपणच खाली टाकतं. वेचू देत कुणाला वेचायची तर."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग वळून मोठ्याने म्हणाले, "साहेब, उपटायचं काही नाही. दोन्ही बाजूंना बूच! आणि खाली फरशी नको, हिरवळ ठेवा. पडलेली फुलं तिच्यावर चांदण्यांसारखी दिसतील."

"वा!" मॅनेजरसाहेब म्हणाले. "याला म्हणतात नजर!"

हिरवळीचं मला सुचलं नव्हतं. म्हणून तर जास्तच झोंबलं.

बूच फुलायला काही वर्षं गेली. लोक लांबून वास घ्यायला येऊ लागले. पाटीवर नाव लागलं इनामदारांचं. माझं नाव हजेरीपटावर होतंच.

तुम्हीही नोकऱ्या कराल, म्हणून सांगते. चांगली कल्पना सुचली तर मोठ्या माणसाच्या कानात सांगू नये. चारचौघांत, मोठ्या आवाजात सांगावी, मग ते बरं दिसो वा न दिसो.