जोडीची गोळी

नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत माझं मेडिकल आहे. शहरातल्या नंदनवन भागातून रोज स्कूटरनं येते, नऊला शटर उघडते आणि दिवसभर हमाल, ड्रायव्हर, क्लीनर यांच्या पाठीच्या, पायांच्या, पोटाच्या तक्रारी ऐकते. सगळ्यांना एकच हवं असतं, आत्ताच्या आत्ता उभं करणारी गोळी. डॉक्टरकडे जा म्हटलं की तोंडं पडतात आणि मग मी ओरडते. पाठीमागे मला 'खेकसणारी ताई' म्हणतात, हे मला माहीत आहे. त्यात खोटं काही नाही.

धोंडबाला मी सगळ्यात जास्त ओरडले. अठ्ठावन्न वर्षांचा, काटक, बोलण्यात मिस्कील. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेली, आणि ती सगळी वर्षं जोडीदार एकच, नत्थू. हमालीत एकटा माणूस काही कामाचा नसतो. भरलेलं पोतं आपल्या पाठीवर आपल्याला घेता येत नाही, कुणीतरी उचलून द्यावं लागतं. म्हणून दोघांची जोडी लागते. एक आला नाही की दुसऱ्याचाही दिवस बुडतो, आणि साठीला टेकलेल्या माणसाला नवा जोडीदार कोण देणार? या दोघांचं सगळंच अर्धं अर्धं होतं. डबा अर्धा, चहा अर्धा, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्राही अर्धा. खर्रा एकट्यानं खाणाऱ्या माणसाला नागपुरात तसंही कुणी चांगलं म्हणत नाही.

गेल्या दिवाळीत धोंडबाचा पाय धरायला लागला. पन्नास पावलं चालला की पोटरीत गोळा यायचा. दोन मिनिटं थांबलं की दुखणं गायब, पुन्हा पन्नास पावलं, पुन्हा तेच. थांबलेलं कुणाला कळू नये म्हणून तो उभ्या ट्रकचा नंबर वाचल्यासारखं करायचा. मला काउंटरवरून सगळं दिसायचं. दिसून मी काय केलं? दोन महिने त्याला मलम विकलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

जानेवारीत अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा त्याला हाकलूनच मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथून आला तो हसत. म्हणाला, "ताई, त्यानं बीपी पायाले मोजला. माह्या पायाले टेन्शन हाय म्हणे."

हसण्यासारखं काही नव्हतं. बिडी आणि तंबाखूनं पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्या होत्या, खाली रक्तच पुरेसं पोचत नव्हतं. डॉक्टरांनी आधी त्याच्या छातीची सोनोग्राफी केली, हृदय ठीक आहे हे बघितलं आणि मगच सिलोस्टाझोल लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणाच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी. ही गोळी नसा थोड्या मोकळ्या करते, रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही. सोबत बिडी आणि खर्रा बंद, आणि रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

महिनाभरात धोंडबा पन्नासावरून दीडशे पावलांवर आला. मी खूश झाले. दर पाच दिवसांनी तो यायचा, दहा गोळ्यांची पट्टी घेऊन जायचा, औषध चुकत नव्हतं. पण फेब्रुवारी संपता संपता गाडी अडली. पुढे सरकायचं सोडून तो मागे यायला लागला. पुन्हा ट्रकचे नंबर वाचणं सुरू झालं.

मी सरळ आरोप केला की तो चोरून बिड्या ओढतो. त्यानं लेकाची शपथ घेतली. माझा विश्वास बसला नाही. त्याच्या बायकोला, जयाला, दुकानात बोलावून विचारलं. तिलाही मग संशय आला आणि ती आठवडाभर त्याच्या शर्टाचा वास घेत बसली. वास आला नाही म्हणून दोघी त्याच्यावर आणखीच चिडलो. बिचारा पट्टी खिशात घालून निघून जायचा.

एप्रिलच्या उन्हात एका दुपारी त्याच्याऐवजी नत्थू आला. काउंटरला दोन्ही हात टेकून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "ताई, आमची गोळी द्या. धोंडबानं धाडलं."

माझा हात खणातच थांबला. आमची म्हणजे कुणाची, असं मी विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. दोन महिन्यांपासून सकाळची गोळी धोंडबा घ्यायचा आणि संध्याकाळची, काम संपलं की, कात्रीनं पट्टीतून कापून नत्थूला द्यायचा. त्याचेही पाय जड पडायचे. तो घरी बसला असता तर जोडी बसली असती. मग गोळी तरी एकट्यानं कशी खायची?

काउंटरबाहेर आले, खाली बसले आणि त्याच्या पायावर, चपलेच्या पट्ट्याच्या वर, अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. रात्री आडवा झोपतोस का म्हणून विचारलं.

"बसूनच झोपतो ताई. आडवं झालं का जीव घाबरते."

औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या कुणालाही हे कळायला हवं. पायांना सूज, दम, आडवं होता न येणं, हे थकलेल्या हृदयाचं दुखणं आहे. आणि हृदय थकलेल्या माणसाला जी गोळी द्यायचीच नाही, ती ही गोळी. बैल आधीच बसलेला, त्याला वरून चाबूक मारायचा. डॉक्टरांनी धोंडबाची छाती तपासली होती. नत्थूची कुणी तपासली होती?

मी दारात उभी राहून धोंडबाला हाका मारल्या. तो दोनदा थांबत थांबत आला. दहा माणसांदेखत मी त्याला विचारलं, जोडीदाराचा जीव घ्यायला निघालास का. आधी त्याला काही कळेचना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पायाचीच तं गोळी हाय ना ताई," तो म्हणाला. "मी तुमालेच इचारलं होतं."

आणि मला आठवलं. एका सोमवारी दुकानात गर्दी होती आणि त्यानं विचारलं होतं, ही गोळी कोणाच्याही पायाला चालते का. मान वर न करता मी म्हटलं होतं, चालते, पायाचीच आहे. सगळ्यांवर खेकसणाऱ्या बाईनं नेमकं तेव्हाच खेकसायचं विसरावं! सगळ्यांसमोर कुणीतरी थोबाडीत मारावी तशी मी उभी राहिले. नत्थू खाली बघत होता. एवढंच म्हणाला, "त्याले नका बोलू ताई. गोळीनं मले आराम हाय."

ऑटोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. हृदय फार दिवसांपासून कमजोर होतं, फुप्फुसात पाणी भरलं होतं. गोळीचं मीच डॉक्टरांना सांगितलं, मान खाली घालून. चौथ्या दिवशी नत्थू गेला.

त्यानंतर धोंडबा कामावर आला नाही, दुकानातही नाही. तीन आठवड्यांनी जया आली, अंगठा काळा पडतोय म्हणाली. त्यानं गोळी सोडली होती, चालणं सोडलं होतं, दिवसभर भिंतीला टेकून बसायचा. मी दुकान बंद करून पट्टी घेऊन त्याच्या खोलीवर गेले. समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. अंगठा गेला तर पाऊल जाईल, पाऊल गेलं तर पाय, हे सगळं सांगितलं. त्यानं पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ज्या गोळीनं त्याले नेलं, थे मी कशी खाऊ?"

मलाही तेच वाटत होतं. तीन आठवडे मी गिऱ्हाइकांवर ओरडले नव्हते, घरी नीट जेवले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून नत्थूला मारलं, असंच माझ्या मनानं घेतलं होतं.

तेवढ्यात दारात नत्थूची बायको माया उभी राहिली. जयानं तिला आत घेतलं. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि खरं सांगते, बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती खाली बसली, पदराआडून स्टीलची एक डबी काढली आणि धोंडबापुढे ठेवून उघडली.

आत चंदेरी पट्टीचे कापलेले चौकोनी तुकडे होते, काठापर्यंत. प्रत्येक तुकड्यात एक गोळी, न फोडलेली.

"दोनच दिस खाल्ल्या त्याईनं," माया म्हणाली. "छाती लय धडधडली. तवापासून डबीत टाकत जात. भाऊच्या हाय, भाऊले वापस द्याच्या म्हणत."

मग तो बोलला का नाही? मी भर रस्त्यात धोंडबाला खुनी ठरवत होते, तेव्हा तरी का नाही बोलला? हे मी तिला विचारलं, आणि जरा मोठ्यानंच विचारलं.

मायानं शांतपणे सांगितलं. गोळी खात नाही म्हटलं असतं तर धोंडबानं त्याला दवाखान्यात नेलं असतं. दवाखान्यानं घरी बसवलं असतं. मग धोंडबाला पोतं उचलून कोण देणार? म्हणून रोज संध्याकाळी गोळी घ्यायची, आराम आहे म्हणायचं आणि घरी येऊन डबीत टाकायची. ती रडत नव्हती. तिचं रडून झालं असावं.

डबीत पडून राहिलेल्या गोळ्यांच्या भरवशावर दोन महिने धोंडबा जोडीदाराबद्दल निर्धास्त होता. इकडे धोंडबाचा पाय अर्ध्या औषधावर वाळत होता, तिकडे नत्थूच्या छातीला औषधच नव्हतं, आणि मी शर्टाचे वास घ्यायला लावत होते. एकानं एकदा खरं बोलायचं होतं. एवढंच राहिलं होतं.

धोंडबानं एक तुकडा उचलला. नखानं दाबून बघितला, आत गोळी खरंच आहे का.

"पण वहिनी, थो तं माह्यासंग पोते उचले. हासे, बोले. गोळी लागू पडली म्हणे." त्यानं तो तुकडा मुठीत धरला. "मंग थो बरा कायनं झाला होता?"

मायानं डबी त्याच्याकडे आणखी सरकवली.

"थे बरे झालेच नव्हते, भाऊ."