मागच्या सीटवरचा शेजारी

मुकुंदवाडीत आमच्या समोर राहणारा शेजारी गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत येतो आणि माझी मुलगी गॅलरीत धावते. माझा हॉर्न तिला कधी ऐकू येत नाही. काहीही बिघडलं तरी तो म्हणतो, "टेन्शन कायको लेते, भाऊ?"

रविवारी तो गल्लीतल्या पोरांना अजिंठ्याला नेणार होता. मी त्याच्या गाडीत डोकावलो, तर ब्रेकच्या एबीएसचा पिवळा दिवा पेटलेला. मागचा एक टायर बाकीच्या तिन्ही टायरांपेक्षा लहान होता.

"लहान चाक जास्त फेरे घेतं," मी म्हणालो. "चारही चाकांचा वेग जुळला नाही की एबीएस बंद पडतं. मग जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. माझी मुलगी यात बसणार नाही."

तो भांडेल, अशी मला आशा होती. त्यानं वाकून टायर पाहिला आणि हसला. "बराबर हाय, भाऊ. तुमच्या गाडीत जाऊ. मी मागं पोरांत बसतो."

अजिंठ्यापर्यंत मागं नुसता हशा. मी आरशात पाहत गाडी चालवली. पेट्रोलचे पैसे मीच दिले.

घरी उतरताना मुलगी म्हणाली, "थँक्यू काका, लई मजा आली."