दारातली चप्पल

युद्ध सुरू झालं तेव्हा सासू-सासरे आमच्याकडे, इथं आखातात, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये, व्हिजिटवर आलेले होते. परतीची विमानं रद्द झाली आणि दोघं अडकले. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूला आत्या. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या सकाळी डोक्यावर धडाधड स्फोट झाले, भिंती हादरल्या, आणि देवाशपथ सांगते, या माणसाच्या तोंडावर तेज आलं. गुडघ्याला तेल चोळत बसणारे मामा ताठ उभे राहिले आणि त्यांनी माझं घर ताब्यात घेतलं.

पॅसेजला खिडकी नाही म्हणून गाद्या तिथं पडल्या. बादल्या भरल्या. हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम सुटला. माझी लेक बाल्कनीतून आभाळातल्या आगीचा व्हिडिओ काढत होती, तर मामांनी तिची वेणी धरून तिला आत ओढलं, मोबाईल फरशीवर आपटला आणि टाचेखाली चिरडला. ती "ही इज क्रेझी!" म्हणून किंचाळली तशी एक सणसणीत ठेवून दिली. तिच्या ओठातून रक्त आलं.

मी त्यांचं मनगट धरलं. "पोरीवर हात टाकायचा नाही, मामा. सांगून ठेवते."

"कुठं पडलं ते दुश्मनाला दाखवतीय ती," ते म्हणाले. "लढाईत गप बसणं हीच निम्मी मदत असती."

त्यांचं चुकलं नव्हतं, हे तर जास्तच झोंबलं. व्हिडिओ काढाल तर आत जाल, असे सरकारी मेसेज सगळ्यांना आलेच होते. पण खरं सांगायला थोबाड फोडावं लागतं का? मला त्या दिवशी बाहेरच्या दुश्मनापेक्षा घरातल्या सुभेदाराचा राग जास्त होता.

नवरा शारजाच्या एका गोदामात मॅनेजर. तिथून दूध, पीठ, औषधं दुकानांना जातात. साहेबाचा फोन आला, यल्ला, चला लवकर, गाड्या निघाल्या पाहिजेत, लोकांनी दुकानं रिकामी केलीत. नवरा घुटमळला. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "रसद तुटली की फौज मेली. जा." आणि तो रोज जाऊ लागला.

तेव्हापासून आत्यांचा आणि मामांचा दारावरून झगडा सुरू झाला. त्यांच्या गावात घरटी एक फौजी. माणूस रणावर असला की त्या घराच्या दाराला कडी लावत नाहीत, दार नुसतं लोटून ठेवतात. दुसऱ्या महायुद्धात मामांचे वडील आणि चुलते दोघंही आफ्रिकेच्या वाळवंटात गेले होते. वडील परत आले, चुलते नाहीत. चुलतीनं वादळात एकदा कडी लावली होती, एवढंच निमित्त. गावानं तिला दगड मारले, मरेपर्यंत कडीवाली म्हटलं, पाणवठ्यावर तिची घागर लाथाडली. आत्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा ती म्हातारी जिवंत होती, कपाळावर दगडाची खूण होती. आत्यांनी ते पाहिलेलं.

आता आमच्या फ्लॅटचं दार आपोआप मिटतं. लोटून कसं ठेवणार? आत्यांनी नवऱ्याची कोल्हापुरी चप्पल घेतली आणि फटीत अडकवली. खालून सिक्युरिटीवाला येऊन ओरडून गेला, माताजी, फायरचा रूल आहे, दार बंद पाहिजे. आत्या हो म्हणाल्या. तो लिफ्टमध्ये शिरला की चप्पल परत जागेवर.

एका दुपारी मामा चिडले. "स्फोटाचा झोत दारातनं आत येतो, अक्कल हाय का?" त्यांनी चप्पल ओढून काढली, भिरकावली आणि दाराची कडी खटकन लावली.

"लेक भायेर हाय," आत्या म्हणाल्या, "अन् कडी लावता?"

"हुकूम हाय."

तेवढ्यात सगळे मोबाईल एकदम कर्कश वाजले. अलर्ट. आम्ही पॅसेजमध्ये भिंतीला पाठी लावून बसलो. लेक माझ्या कुशीत, मामा पॅसेजच्या तोंडाशी, आत्या त्यांच्यामागे. नवरा फोन उचलत नव्हता. वर पहिला आवाज झाला, मग दुसरा, जवळ. आत्यांचे डोळे कडीवर होते. मला कळत होतं, पण त्या उठतील असं वाटलं नाही. त्या उठल्या, मामांना ओलांडून हॉलमध्ये गेल्या. मामांनी पदर धरला, तो फाटला.

कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. मग खिडकीच आत आली.

कान बंद झाले. धूर, चुना आणि सगळीकडे काच. आत्या दारापाशी कलंडल्या होत्या. मानेत, कानाच्या खाली, वीतभर काच घुसलेली, आणि रक्त असं उसळत होतं की भिंतीवरच्या फोटोंवर उडालं. मामा रांगत गेले. डोक्याचा फेटा सोडून त्यांनी जखमेभोवती दाबला, काच जागेवरच ठेवून. "दाबून धर," मला म्हणाले. आवाज हुकमाचाच होता. दार उघडं असल्यामुळे समोरची मल्याळी नर्स धावत आली. फेट्यावर तिनंही हात दाबले. खाली रस्त्यावर ड्रोन पडला होता, त्याचा पत्रा एका डिलिव्हरीवाल्याच्या अंगावर होता, हे नंतर कळलं; तो ओरडत होता, मग थांबला.

आत्यांनी मला जवळ ओढलं. "उघडं हाय न्हवं?"

"उघडं आहे, आत्या. सताड उघडं आहे."

स्ट्रेचर जिन्यातून उतरवत असतानाच त्या गेल्या. नवरा तासाभरानं आला. शारजाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकला होता, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दारातच रक्तात पाय पडला तेव्हा त्याला कळलं.

मामांपुढं मी जेवणाचं ताट सरकवायची आणि वळायची. चप्पल जागेवर राहिली असती तर त्या उठल्याच नसत्या, हे मला त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. एकदा फेकलंसुद्धा. त्यांनी मान हलवली. "कडी मी लावली," म्हणाले. "बोल अजून."

मी त्यांच्यापुढचं ताट उचललं.

अंत्यविधी उरकले, खिडकीला फळ्या ठोकल्या, पण युद्ध काही थांबलं नव्हतं. गोदामातून पुन्हा फोन आला. या खेपेला मामांनी जा म्हटलं नाही आणि नको जाऊ असंही म्हटलं नाही. नवरा गेला. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला तसे मामा उठले. आत्यांनी वापरलेली चप्पल रक्तानं कडक झाली होती, ती मी टाकून दिली होती. त्यांनी पायातला स्वतःचा बूट काढला, दाराच्या फटीत अडकवला आणि तिथंच खुर्ची ओढून एका पायात बूट, एक पाय अनवाणी असे बसून राहिले.

सिक्युरिटीवाला आला. "अंकल, दरवाजा बंद करो. ऑर्डर है."

जन्मभर हुकूम पाळलेल्या आणि दिलेल्या माणसानं फटीतला बूट आणखी घट्ट रोवला.

"नहीं करेगा," मामा म्हणाले. "मेरा लड़का बाहर है."