परवानगी घेऊन बंड

जगातलं कुठलंही सरकार उलथून टाकायची पुरी तयारी असलेला, आणि त्या तयारीसाठी त्याच सरकारची दरवर्षी वेळेवर परवानगी घेणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे व्याही, माझ्या सुनेचे वडील. आयंडहोवन या डच शहराच्या शेजारी बेस्ट म्हणून गाव आहे, तिथे ते चाळीस वर्षं राहतात. त्यांच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून माझा मुलगा राहतो. माझी बायको गेली आणि मुलाने मला चिपळूणच्या वरच्या अंगाच्या आमच्या गावातून उचलून इथे आणलं, त्याला तीन वर्षं होतील. माझं शिक्षण सातवी, तेव्हा सजवून लिहिणं मला जमायचं नाही. तुमच्यावर लिहितो म्हटल्यावर व्याह्यांनी लेखी परवानगी दिली, सहीनिशी, खाली तारीख घालून. शेवट तेवढा त्यांनी वाचलेला नाही, कारण तो मी तेव्हा लिहिला नव्हता.

व्याह्यांच्या घरी वरच्या मजल्यावर कपड्यांच्या कपाटात एक लोखंडी तिजोरी आहे, चार बोल्टांनी भिंतीला आवळलेली. तीत बंदूक असायची. ठासणीची नव्हे, आपोआप भरणारी. घोडा ओढला की गोळी जाते आणि पुढची गोळी आपली आपण नळीत येऊन बसते. परत नुसता घोडा ओढायचा. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा गार पडलो. माझ्या बंदुकीत आधी दारू घालायची, मग चिंधी, मग छर्रे, मग गजाने ठासायचं. तोवर रानडुक्कर अर्धं शेत खाऊन पाणी प्यायला गेलेलं असायचं. गोळ्यांची तिजोरी वेगळी, तिची किल्ली वेगळी, आणि दोन्ही किल्ल्या व्याह्यांच्या कमरेला. मी म्हटलं, समजा उद्या जुलमी सरकार दारात आलं, तर दोन किल्ल्या, दोन तिजोऱ्या, तुमचे गुडघे आणि हा उभा डच जिना, तुम्ही वर पोचेपर्यंत सरकार बदलेल. ते म्हणाले, "व्याहीबुवा, नियम म्हणजे नियम."

हेच तर त्यांचं आहे. सरकारचा ज्याला एवढा राग, त्याने नियम मोडावे की नाही? रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसताना हा माणूस सायकलवरून उतरून लाल दिव्यापुढे उभा राहतो. मी तसाच पुढे गेलो तर मागून हाक मारतो. नेमबाजीच्या क्लबात बंदूक नेताना वाटेत कुठे थांबायचं नाही, घर ते क्लब आणि क्लब ते घर, असा त्यांचा शिरस्ता. एकदा विहीणबाई गाडीत होत्या. वाटेत तुर्की दुकानाबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या दिसल्या, त्या म्हणाल्या जरा थांबवा, एका मिनिटाचं काम. थांबवली नाही. त्या दिवशीच्या पोह्यांवर कोथिंबीर नव्हती आणि विहीणबाईंनी ती बशी त्यांच्यापुढे ठेवताना म्हटलं होतं, घ्या, क्रांतीचे पोहे. पोलीस वर्षातून एकदा तिजोरी तपासायला येतात. एके वर्षी त्यांना उशीर झाला, तर व्याह्यांनी पोलिसांना पत्र लिहिलं, की तुम्ही अजून माझ्यावर नजर ठेवायला आला नाहीत, हे बरं नव्हे. पोलीस आला त्याला चहा, चकली आणि सफरचंदाचा केक. तो गेल्यावर तासभर भाषण, की सरकार माणसाच्या कपाटापर्यंत कसं पोचलंय बघा.

ही भाषणं रोजची. सुरुवात कशानेही होई. गेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कचऱ्याच्या डब्याचा रंग बदलला तरी त्यातून गाडी जुलमावर यायची. "जुलूम आरडत येत नाही, व्याहीबुवा. तो बेल वाजवून येतो, पाय पुसून आत येतो." मला आधी गंमत वाटायची. मग एकदा त्यांनी सांगितलं. आणीबाणीत त्यांच्या वडिलांना धरून नेलं होतं. वडील शाळामास्तर, कुठल्याशा पत्रकावर सही केली एवढंच. दोन हवालदार आले, दोघांत मिळून एक काठी. चला गुरुजी, म्हणाले. गुरुजींनी हातातला चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेले. व्याही तेव्हा कॉलेजात. "घरात आम्ही सहा जण होतो. सहा. आणि कुणी एक शब्द बोललं नाही. मी तर त्यांच्या चपला सरळ करून दिल्या." वडील परत आले ते वाळून आले आणि फार दिवस राहिले नाहीत. मी फटकळ माणूस. मी विचारलं, बंदूक असती तर काय केलं असतंत, हवालदाराला उडवलं असतंत? तोही कुणाचा तरी बाप. ते म्हणाले, नाही, पण चपला सरळ करून दिल्या नसत्या. तेव्हापासून मी त्या बंदुकीची थट्टा केली, पण बेताने केली.

थट्टेत ते मला जिंकू द्यायचे नाहीत. गावी माझ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक, आणि आमच्याकडे इलेक्शन आलं की असल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, पावती घ्यायची, निकाल लागला की सोडवून आणायच्या. हे मी सांगितलं तेव्हा व्याही खुर्चीतून उठले. म्हणजे सरकार बदलायची वेळ आली की सरकार तुमची बंदूक काढून घेतं, आणि तुम्ही वर पावती मागता? रेशनकार्डासारखी? मी म्हटलं, बंदूक डुकरांसाठी आहे. त्यावर ते म्हणाले, डुकरं तरी मत मागायला येत नाहीत. पुढे माझं काही चुकलं की एकच टोमणा, बसा, पावती घेऊन बसा.

व्याह्यांच्या भाषणांवर विहीणबाईंचा उपाय होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी नवऱ्याबरोबर त्या एकदाच क्लबात गेल्या. तिथे कानठळ्या बसू नयेत म्हणून कानावर चढवायच्या दोन जाड वाट्या देतात, मध्ये पट्टी असते. व्याह्यांनी हौसेने त्यांच्यासाठी स्वतःच्या खर्चाने हिरव्या रंगाच्या आणल्या. त्या परत क्लबात काही गेल्या नाहीत, पण कानवाट्या स्वयंपाकघरात खुंटीला लागल्या. व्याह्यांनी 'जुलूम' हा शब्द उच्चारला की विहीणबाई हात पुसायच्या, शांतपणे कानवाट्या चढवायच्या आणि परत पोळ्या लाटायला लागायच्या. व्याही त्यांच्या पाठीकडे बघून बोलत राहायचे. मी कितीदा पाहिलंय. ते हातवारे करतायत, या पोळी उलटतायत, मध्येच जरा हसतायत. मला वाटायचं, आपल्याच कुठल्या तरी विचाराने हसत असतील.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला विहीणबाई गेल्या. इथे पावसाळा असा वेगळा नसतो, पण आमच्या हिशेबाने. दुखणं महिनाभराचं. सगळं झालं, माणसं आली गेली, आणि मी रोज अकराला व्याह्यांकडे कॉफीला जायला लागलो. दोन रंडके समोरासमोर. आमच्यात बोलायला काही लागत नाही, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा माणूस जुलमावर बोलेना. गेमेंटेने त्यांच्या दारातलं झाड विचारल्याशिवाय तोडलं, तर म्हणाले, असेल काही कारण. वीज महागली, तर म्हणाले, चालायचंच. मला भीती वाटली. बंदूक घेऊन सरकारला शिव्या देणारा माणूस मला कधी धोक्याचा वाटला नाही. शिव्या बंद केलेला वाटला. खुंटीवर कानवाट्या तशाच होत्या, त्यांच्यावर धूळ नव्हती, म्हणजे कुणीतरी पुसत होतं.

त्यात परवाना नवा करायची वेळ आली. नव्या फॉर्मवर तीन ओळखीच्या माणसांची नावं द्यायची, पोलिसांना वाटलं तर ते त्यांना विचारतात, माणूस कसा आहे, बरा आहे ना. व्याह्यांनी एक नाव माझं दिलं. हे कळलं तशी सूनबाई माझ्यापुढे येऊन बसली. पोर कधी माझ्याशी डोळ्यांत पाणी आणून बोलली नव्हती. वडिलांना ती अप्पा म्हणते. म्हणाली, बाबा, अप्पा एकटे असतात, रात्री झोपत नाहीत, आणि वर ते कपाट आहे. पोलिसांना मी सांगितलं तर ते मला कधी माफ करणार नाहीत. तुम्ही सांगा ना. माझ्या मुलाचं म्हणणं उलट. बंदूक गेली तर त्यांचा शनिवारचा क्लब गेला, मग ते घराबाहेर पडतील तरी कशाला? दोघांचंही खरं. मी मात्र ठरवलं, पोलिसांना सांगायचं ते आधी माणसाच्या तोंडावर सांगायचं.

दुसऱ्या दिवशी अकराला कॉफी समोर आली आणि मी म्हटलं, "व्याहीबुवा, पोलिसांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"काय सांगाल?"

"तुम्ही सात महिने सरकारला एक शिवी दिली नाहीत, हे सांगेन."

ते हसले नाहीत. मग मी त्यांना माझ्या बंदुकीचं सांगितलं. माझी बायको गेली तेव्हा आमच्याकडे इलेक्शन होतं, माझी बंदूक ठाण्यात जमा होती. निकाल लागला, गावातल्या सगळ्यांनी आपापल्या बंदुका सोडवल्या. मी गेलो नाही. हवालदाराने दोनदा निरोप धाडला. डुकरांनी नाचणी उकरून टाकली, शेजारी नावं ठेवायला लागले, तरी गेलो नाही. घरात मी एकटा, तिची साडी दोरीवर तशीच, आणि त्या दिवसांत मला माझा भरवसा वाटत नव्हता. ती बंदूक अजून ठाण्यात आहे. पावती माझ्या पाकिटात आहे, ती मी काढून टेबलावर ठेवली. मुलालाही हे मी सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल.

व्याह्यांनी पावती हातात घेतली, उलटसुलट बघितली, नीट घडी घालून परत दिली. मग खणातून फॉर्म काढला. सगळा भरलेला होता. गेल्या वर्षात घरात कुणी वारलं का, हो. झोप नीट लागते का, नाही. म्हणाले, फॉर्मवर खोटं कसं लिहायचं? फक्त तो पाठवला नव्हता. तीन आठवडे खणात ठेवला होता. ज्या माणसाने जन्मात एक तारीख चुकवली नाही त्याने.

"सरकारने मागितली असती तर दिली नसती," ते म्हणाले. "तुम्ही मागितलीत म्हणून देतो."

"मी कुठे मागितली?"

"मग मागा."

मग मी मागितली.

त्यांनी स्वतःच फोन केला. नेहमीचा पोलीस आला, चकली खाल्ली, विहीणबाईंच्या फोटोपुढे जरा उभा राहिला. तो म्हणाला, परवाना काही कायमचा जात नाही, तोवर बंदूक परवाना असलेल्या बंदुकांच्या दुकानदाराकडे ठेवू, बरं वाटलं की मागा. व्याह्यांनी पावती मागितली. ती वाचली, तीत बंदुकीच्या नंबरातला एक आकडा चुकला होता तो दाखवला, नवी लिहून घेतली आणि घडी घालून पाकिटात ठेवली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभे राहिले. मी मागे स्वयंपाकघरात होतो. मला वाटलं, आता हा माणूस खचणार.

ते आत आले ते लालबुंद होऊन. म्हणाले, पाहिलंत? चकल्या खाऊन नेली. ह्यालाच जुलूम म्हणतात, व्याहीबुवा, पाय पुसून येतो म्हणून सांगत नव्हतो मी? आणि जे सुरू झाले ते झाडापासून, विजेपासून, सात महिन्यांची सगळी थकबाकी. बोलता बोलता सवयीने ओट्याकडे वळले, आणि ओट्यापाशी कुणी नव्हतं. तोंड उघडंच राहिलं. मला ते बघवेना. मी खुंटीवरच्या हिरव्या कानवाट्या काढल्या, डोक्यावर चढवल्या आणि म्हटलं, हं, बोला.

ते बोलायला लागले. आणि मला सगळं ऐकू येत होतं. शब्द न् शब्द.

मी वाट्या काढून बघितल्या. डाव्या वाटीच्या आतला जाड स्पंज कुणीतरी उसवून काढून टाकला होता आणि तोंड हिरव्या दोऱ्याने बारीक टाके घालून परत शिवलं होतं. वरून काही कळू नये असे टाके. दोरा जुना होता, विटलेला. म्हणजे पोळ्या लाटताना ती बाई इतकी वर्षं ऐकतच होती, आणि हसायची ती जिथे हसायचं तिथेच हसायची.

व्याह्यांना तेव्हा मी काही बोललो नाही. वाट्या परत चढवल्या आणि डावा कान त्यांच्याकडे करून बसलो. आता ते इथे वाचतील. वाचून खुंटीपाशी जातील, चष्मा लावून टाके बघतील, त्या वेळी मी तिथे नसलेला बरा.

माझी ही पण बोलायची. फार नाही, संध्याकाळी पडवीत तांदूळ निवडताना, आज अमकी भेटली, तमकीची गाय व्याली, असलंच. मी समोर विडी ओढत बसलेला असायचो, कानावर काही नसायचं. काय म्हणायची ते आठवायला गेलं की तिचा हात आठवतो, सूप आठवतं, शब्द एकही येत नाही.